आठ दिवसांचं पाणी

नागपूरहून संपादकांचा फोन आला. म्हणाले, यंदा दिवाळी अंकात कृत्रिम बुद्धिमत्तेवर मजकूर घेऊन राहिलो, तुम्हीही लिहा. मी म्हटलं, अहो, मी तीस वर्षं घाटाच्या पायरीवर उकिडवा बसलेला माणूस, मला त्यातलं काय समजते? तर म्हणाले, तुमच्या रजिस्टरांवरून एक मशीन शिकवली म्हणे. ही बातमी नागपूरपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण खरी आहे. नर्मदेला किती पाणी येईल हे आधी सांगणारी एक मशीन तयार झाली, आणि ती शिकली माझ्या हातच्या आकड्यांवरून. फक्त त्या आकड्यांत आठ दिवस खोटे होते. ते आठ दिवस मशीनमध्ये राहू द्यायचे की काढायचे, यावर माझी झोप उडाली होती, आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे. बाकी नोकरीच्या गोष्टी मध्ये येतील. त्याशिवाय मला सांगता येत नाही.

मी गेज रीडर होतो. लग्न जुळवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, म्हणजे विजेचे मीटर वाचता का? मी म्हटलं, नाही, पाणी वाचतो. त्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. माझे वडील भंडाऱ्याकडून जबलपूरला कारखान्यात आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. मी नोकरीला लागलो तोवर दोन राज्यं झाली होती, आणि आमची मराठी घराच्या उंबऱ्याच्या आत आली होती. बाहेर सगळे मेश्रामजी म्हणत, हिंदीत.

काम सोपं आहे, ऐका. जबलपूरजवळ तिलवाऱ्याला नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्यांवर लोखंडी पट्ट्या उभ्या केलेल्या असत. एकेक मीटरची एकेक पट्टी, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा. सगळ्यात खालची पहिली, ती बारा महिने पाण्यात. पाणी चढलं की दुसरी लागते, मग वरच्या पायरीवरची तिसरी. पाणी दुसऱ्या पट्टीच्या चाळीसाव्या खुणेवर असलं की आम्ही म्हणायचो, ‘दुसरी, चाळीस’. भर पावसाळ्यात तासातासाला वाचायचं, तेव्हा आम्ही तिघं असायचो. पावसाळी ड्यूटी संपली की बाकीचे दोघं आपापल्या ठिकाणी परत जायचे, आणि मी एकटा सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीनदा वाचायचो. रजिस्टरात लिहायचं, सही करायची, महिनाअखेर पाठवून द्यायचं. संपली नोकरी.

आता यात शिकण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. एका साहेबालाही वाटलं होतं. चकाचक बूट घालून तपासणीला आले, पायरीवर उभ्या उभ्या पट्टीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, तुमचा आकडा सहा सेंटिमीटरनं चूक आहे. मी म्हटलं, साहेब, बैठना पड़ेगा. डोळा पाण्याच्या पातळीला आला पाहिजे, वरून पाहिलं की आकडा फसवतो. शिवाय लाट येते, जाते. वर किती गेली, खाली किती आली, ते चार-पाच लाटा पाहून मधला आकडा धरायचा. साहेब बसले. पँट मागून भिजली. उठले आणि म्हणाले, ठीक है. त्यानंतर सात वर्षं माझ्या घाटाची तपासणी झाली नाही.

आमचं सरकारी क्वार्टर घाटापासून पंधरा मिनिटं चढावर होतं. पावसात कागद भिजायचा, पेन्सिल चालायची नाही, म्हणून आकडा डोक्यात ठेवून घरी यायचो आणि मग रजिस्टरात उतरवायचो. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात वाटेत एकाशी बोलता बोलता आकडाच विसरलो आणि भर पावसात परत खाली उतरलो. शीला, माझी बायको, पदरानं तोंड झाकून हसत होती. मग तीच म्हणाली, ‘‘आल्याबरोबर मला सांगत जा न जी. मी धरून ठेवते, तुम्ही आधी डोकं पुसा.’’

तेव्हापासून आमच्या घरी रीतच पडली. मी चपला काढताना म्हणायचो, ‘दुसरी, चाळीस’. ती चुलीपासून म्हणायची, ‘दुसरी, चाळीस’. मग मी कपडे बदलायचो, चहा प्यायचो, आणि लिहिताना तिला विचारायचो. कधी आमचं भांडण असलं, दोन दोन दिवस बोलणं नसलं, तरी हे एवढं बोलणं व्हायचंच. सरकारी काम होतं, काय करता? एकदा मी आकडा सांगितला तर ती परत म्हणेचना. म्हणाली, ‘‘सकाळी दुसरी पस्तीस होती. वर पाऊस नाही, काही नाही, आणि आता दुसरी साठ काहून होईल? परत पाहून या.’’ मी बडबड करत गेलो. नावाड्यानं मोठी नाव पट्टीला लागूनच बांधली होती, पाणी तिला अडून फुगलं होतं. दुसरी सदतीस निघाली. मला ताप आला की ती स्वतःच जायची वाचायला. नियमात बसत नव्हतं. पण माझ्या रजिस्टरात तिनं वाचलेलं कितीतरी पाणी आहे, खाली सही माझी.

घाटावर गिऱ्हाइकं भेटायची. हो, मी त्यांना गिऱ्हाइकंच म्हणतो, विकायला काही नसलं तरी. नारळ-अगरबत्तीवाला भैयालाल रोज विचारायचा, ‘‘मेश्रामजी, आज दुकान उठाऊँ कि रहने दूँ?’’ पाणी जसं उतरेल तसं त्याचं दुकान एकेक पायरी खाली यायचं, कारण खाली लोक हात-पाय धुवायला येतात, तिथंच विक्री. माझ्या एका शब्दावर तो सगळं बोचकं बांधून वर जायचा. तीस वर्षांत दोनदा उगाच बांधायला लावलं, तेव्हा दोन्ही वेळा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

मझौलीकडची एक म्हातारी नवऱ्याची राख सोडायला आली होती. सगळे नातेवाईक वर चहा पिऊन राहिले होते आणि ही माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘‘भैया, आप पानी के आदमी हो. अब तक कहाँ पहुँचे होंगे?’’ मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी एक काडी पाण्यात टाकली, दोन पायऱ्यांमधलं अंतर किती वेळात जाते ते मोजलं, मनात हिशोब केला आणि सांगितलं, लम्हेटा पार केलं असेल, संध्याकाळपर्यंत भेडाघाट. तिनं मान हलवली, पदराची गाठ सोडून त्यातली पुरी काढली आणि खाल्ली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं असं तिचा भाऊ नंतर म्हणाला.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पुलाखाली एक यंत्र लटकवलं. ते वरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजते आणि थेट ऑफिसात कळवते. मला सांगितलं, आता तुम्ही फक्त ताडून पाहायचं. एका हिवाळ्याच्या दुपारी मी कोरड्या पायरीवर उन्हात चहा पीत बसलो होतो, तर धडाधड जीप आली. आतून साहेब लोक उतरले. यंत्रानं कळवलं होतं की पाणी पुलाला लागलं. मी म्हटलं, या, बसा, चहा घ्या. शिडी लावून वर पाहिलं तर यंत्राच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. यंत्र बिचारं जाळ्यालाच पाणी समजून राहिलं होतं. मी झाडूनं साफ केलं. खोटं काहून बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग निवृत्त झालो, जबलपुरातच गढ्यात मुलाकडे राहायला आलो. नातवंडं हिंदीत बोलतात, मी मराठीत बोलतो, सगळ्यांना सगळं समजते. वर्षं गेली. आणि एक दिवस नेहा मॅडमचा फोन आला.

नेहा इंजिनियर आहे, तिशीतली, जबलपूरचीच, मराठी घरातली. पहिल्या दिवशीच म्हणाली, ‘‘काका, मला समजते सगळं, बोलताना गडबड होते. आजी होती तोपर्यंत ठीक था.’’ पूर सांगणारी मशीन तयार करायचं काम तिच्याकडे होतं. तिलवाऱ्याची रजिस्टरं तिनं गोदामातून काढून आणली होती. अर्धी ओल लागून फुगलेली, काहींना वाळवी. कॉम्प्युटरला माझं अक्षर लागेना, म्हणून मला बोलावलं. मी वाचायचं, तिनं भरायचं. रिक्षाचं भाडं मिळणार होतं आणि दुपारी समोसा. मी म्हटलं, चलो.

तीन आठवडे बसलो तिच्या शेजारी. मी विचारलं, मॅडम, ही शिकते कशी? तिनं जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. या मशीनला कोणी गणिताचं सूत्र देत नाही. तिला फक्त आजवर झालेलं दाखवायचं. या तारखेला वर एवढा पाऊस झाला, घाटाच्या वर नर्मदेला मिळणाऱ्या गौर नदीला एवढं आलं, वरच्या धरणातून एवढं सोडलं, आणि इतक्या तासांनी तिलवाऱ्याला पट्टी एवढी. असं हजारो वेळा. आधी ती अंदाज करते, मग खरा आकडा पाहते, किती चुकलं ते पाहून स्वतःला थोडं सुधारते, आणि पुन्हा अंदाज करते. मी म्हटलं, पहिली पाच वर्षं मीही हेच केलं, फक्त भैयालालच्या शिव्या खाऊन. ती हसली. शिकून झाली की मशीन घाटावरच्या दुकानदारांना, नावाड्यांना, खालच्या गावांना मोबाइलवर आधीच कळवणार होती. भैयालालचा मुलगा आता दुकान चालवतो. त्याचा नंबर मीच दिला.

मला ते काम आवडायला लागलं, आता लपवून काय करू. एकेक पान उघडलं की तो तो दिवस आठवायचा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलेलं असायचं, ‘पाणी गढूळ’, ‘झाड वाहत आले’, ‘दोन पट्ट्या बुडाल्या’. काही आकडे वाचताना मला माहीत असायचं की हा शीलानं वाचलेला आहे. ती सात नेहमी ठसठशीत सांगायची, जणू सात म्हणजे मोठा आकडा. मी नेहाला सांगायचो, हा लिही, पक्का आहे.

मग मशीनची परीक्षा घेतली. मागच्या काही वर्षांचे आकडे तिच्यापासून लपवून ठेवले होते, ते तिला ओळखायला लावले. आषाढ-श्रावणात तिनं कमाल केली, बोटभराच्या फरकानं सांगत होती. पण हस्ताच्या पावसात फसायची. नवरात्राच्या सुमारास वर पाऊस झाला तरी ती म्हणायची, पाणी उतरेल. आणि पाणी चढलेलं असायचं. नेहानं डोकं धरलं. नवरात्रात घाटावर किती गर्दी असते आणि दुकानं किती खालच्या पायरीपर्यंत येतात हे तिला मी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसांत मशीननं ‘पाणी उतरेल’ असा मेसेज पाठवला तर भैयालालचा मुलगा तिथंच बसून राहील.

‘‘त्या महिन्याची रजिस्टरं सगळ्यात जास्त वाळवीनं खाल्ली न काका,’’ ती म्हणाली. ‘‘जे थोडंसं उरलं त्यावरच शिकली ती. पण एक हफ्ता तर एकदम बढिया आहे. हे बघा.’’

तिनं पडद्यावर एक रेघ दाखवली. आठ दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, हळूहळू एकसारखी खाली येणारी. कुठं खाच नाही, उंचवटा नाही. म्हणाली, हस्तात पाणी कसं उतरते याचा हाच नमुना मशीननं सगळ्यात पक्का धरला. सोमवारी साहेब लोकांना दाखवायच्या कागदातही तिनं हीच रेघ घेतली होती.

ते पान मी तिला वाचून दिलं नव्हतं. अक्षर इतकं साफ होतं की कॉम्प्युटरनं स्वतःच वाचलं होतं. साफ असणारच. खुर्चीवर बसून, कोरड्या हातानं, एकाच बैठकीत लिहिलेलं होतं.

मी तब्येतीचं कारण सांगून घरी आलो आणि दोन दिवस गेलोच नाही.

काय झालं होतं ते सांगतो. शीलाला कावीळ झाली होती. आधी झाडपाल्याचं औषध घेतलं, त्यात दिवस गेले, मग शहरातल्या दवाखान्यात भरती केलं. मुलगा लहान, त्याला बहिणीकडे गढ्यात ठेवलं. पावसाळी ड्यूटी संपलेली, घाटावर मी एकटा. रजा मागितली असती तर बदली माणूस आला असता. मी मागितली नाही. वाटलं, दोन दिवसांत घरी येईल, कशाला अर्ज करायचा. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

पहिल्या सकाळी ती जागी झाली आणि तिनं विचारलं, ‘‘किती?’’

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलो होतो. घाटावर गेलोच नव्हतो. पण गेलो नाही म्हटलं असतं तर तिनं मला तिथून हाकललं असतं, आणि मला तिला सोडून जायची भीती वाटत होती. डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला होता. आदल्या दिवशीचा खरा आकडा दुसरी, दहा होता. मी म्हटलं, ‘‘पहिली, नव्वद.’’

ती म्हणाली, ‘‘पहिली, नव्वद.’’ आणि डोळे मिटले. तिच्या तोंडावर समाधान दिसलं मला.

दुसऱ्या दिवशी पहिली, ऐंशी. तिसऱ्या दिवशी सत्तर. मी रोज दहा उतरवत होतो. का, तर पाणी उतरलं की तिला बरं वाटायचं, आणि मलाही मनातून असं वाटायचं की एक काही उतरून राहिलं तर दुसरंही उतरेल, तिच्या डोळ्यांतला पिवळेपणाही. मोठा माणूस होतो मी, पण वाटायचं खरं. ती रोज आकडा परत म्हणायची. आवाज रोज थोडा बारीक व्हायचा. आठव्या दिवशी दुपारी ती गेली.

सगळं आटोपून परत घाटावर गेलो तेव्हा भैयालाल काहीतरी सांगायला उठला, ‘‘भैया, इधर पानी...’’ म्हणाला, आणि मी हात करून त्याला थांबवलं. मला विचारायचंच नव्हतं. विचारलं असतं तर खरं लिहावं लागलं असतं. घरी येऊन रजिस्टर उघडलं आणि तिला सांगितलेले आकडे जसेच्या तसे उतरवले, मधल्या दुपार-संध्याकाळी त्यांच्याच अंदाजानं. सही केली. महिनाअखेर पाठवलं. कोणी विचारलं नाही.

म्हणजे ते नुसते खोटे आकडे नव्हते हो. माझ्याजवळ शीलाचा आवाज नाही. लग्नातला एक फोटो आहे, त्यातही तिनं मान खाली घातलेली. आमचं शेवटचं बोलणं जे काही झालं ते ‘पहिली नव्वद, पहिली ऐंशी’ एवढंच होतं, आणि ते जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. मूळ पान तर वाळवी आज ना उद्या खाणार. मशीनमध्ये मात्र ते राहिलं असतं. मी गेल्यावरही राहिलं असतं. घरी बसलो त्या दोन दिवसांतल्या पहिल्या दिवशी मला याचा आनंदच झाला, खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी भैयालालच्या मुलाचा फोन आला. ‘‘चाचाजी, वो मेसेज कब से आएँगे? नवरात्रात दुकान नीचे लगाना है.’’

सोमवारी सकाळी मीटिंगच्या आधी नेहाला गाठलं आणि सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं खुर्ची दिली ती मी घेतली नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, निदान तोंड पाडेल. माझी पेन्शन, माझं नाव, सगळं डोक्यात येऊन गेलं होतं. तिनं ती रेघ पडद्यावर पुन्हा उघडली. मग म्हणाली, ‘‘काका, पाणी असं सरळ रेघेत उतरत नाही हे मला दिसायला हवं होतं. मी इंजिनियर आहे न.’’ मग विचारलं, ‘‘काढू?’’

मी म्हटलं, काढा. तिनं माझ्यासमोर आठ दिवस पुसले. एकेक ओळ निळी झाली आणि रिकामी. मी पाहत होतो. शेऱ्यात काय लिहू, तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘वाचक घाटावर नव्हता’. तिनं तेवढंच लिहिलं. साहेबांना तिनं सांगितलं की एक नमुना चुकीचा निघाला, मशीन पुन्हा शिकवावी लागेल. माझं नाव घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला की हस्ताचं गणित सुधारलं. पूर्ण नाही, पण आता वर पाऊस झाला की ती उतार सांगत नाही. ‘‘आणि काका, एक गोष्ट आहे. रिकाम्या जागा मशीन स्वतः भरते. आजूबाजूचं पाणी, पाऊस, सगळं पाहून. ते आठ दिवसही तिनं भरले. तुम्हाला बघायचं असेल तर या, नसेल बघायचं तर मी सांगणार नाही.’’

दोन दिवस विचार करून गेलो. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते पडद्यावर होतं. पहिले पाच दिवस पाणी थोडं खालीवर. सहाव्या दिवशी चढायला लागलं. सातव्याला दुसरी पूर्ण बुडाली. आठव्या सकाळी मशीन म्हणत होती, तिसरी, चोवीस.

मी खाली बसलो. नेहानं पाणी दिलं. तेव्हा तिला ते सांगितलं जे आधी सांगितलं नव्हतं, आणि वर तुम्हालाही सांगितलं नाही.

आठव्या सकाळी मी शीलाला म्हटलं होतं, ‘‘पहिली, वीस.’’ तिनं परत म्हटलं नाही. डोळे मिटूनच होती. शेजारच्या खाटेवर गौर नदीच्या काठच्या गावातली एक बाई होती, तिच्या माणसांचं बोलणं शीला दोन दिवस ऐकून राहिली होती. नदी चढली, रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून पाणी चाललं, असं ते म्हणत होते. शीला म्हणाली, ‘‘नाही जी. गौर चढली. धरण भरलेलं आहे, वरचं पाणी सोडावंच लागलं असेल. तिसरी लागली. तिसरी, तीस तरी असेल.’’

नेहानं पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. ‘‘खाटेवर पडून? छह सेंटीमीटर का फर्क है, काका.’’ तिचे डोळे भरून आले होते, तिनं ते लपवले नाहीत. मग म्हणाली, ‘‘त्या सकाळचा आकडा मी काकूंचा ठेवते. तिसरी, तीस. खाली त्यांचं नाव लिहिते.’’

मला फार मोह झाला. पण मी म्हटलं, नाही मॅडम. तिनंही पट्टी पाहिली नव्हती. जो घाटावर नव्हता त्याचा आकडा रजिस्टरात जात नाही, एकदा गेला तेवढं पुरे. मशीनचा राहू द्या, अंदाज म्हणून. तिनं राहू दिला.

त्या नवरात्रात भैयालालच्या मुलाला मेसेज आला आणि त्यानं दुकान तीन पायऱ्या वर घेतलं. पाणी आलं की नाही ते पाहायला मी गेलो होतो. आलं. मी पायरीवर बसून वाचलं आणि घरी आलो. आता मी आकडा सांगत नाही कोणाला, समजणार कोणाला आहे?

लोक विचारतात, मशीनचा राग येतो का? नाही येत. शीलाला जे समजत होतं ते आता कोणाला तरी समजते, हे मला बरंच वाटते. माझं दुःख वेगळं आहे आणि ते मशीनच्या हातचं नाही. त्या सकाळी ती तिसरी तीस म्हणाली तेव्हा मी चिडलो होतो. आठ दिवसांची झोप नव्हती, आणि माझं खोटं पकडलं गेलं होतं. मी म्हटलं, ‘‘तुला इथं पडून काय समजते? मी आताच पाहून आलो न.’’

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘असेल जी. तुम्ही पाहून आले तर तसंच असेल. पहिली, वीस.’’

त्यानंतर ती पाण्याबद्दल बोलली नाही, आणि दुपारनंतर कशाबद्दलच नाही. तीस वर्षं पाणी वाचलं, त्यात सगळ्यात खरा आकडा तिनं सांगितला आणि माझ्या शब्दाखातर स्वतःच मागे घेतला. शीला, मी गेलो नव्हतो. तिसरीच लागली होती.